पांढरी



‘ढवळ्याशेजारीं बांधला पवळ्या, वाण नाहीं पण गुण लागला’ ही म्हण आपणांपैकीं प्रत्येकानें लहानपणीं ऐकली असेल, आणि बहुतेकांनीं पुढें ती आपल्या मुलांना, त्यांच्या मित्रमंडळाकडे पाहून, ऐकविलीहि असेल. मी पस्तीस वर्षें मास्तरकी केली व त्या काळांत ही म्हण निदान पस्तीस वेळां तरी फळ्यावर लिहिली. तिचा भावार्थ मी बिनचूक सांगत असें. परंतु तिच्यांतील एका शब्दाचा अर्थ मला ठाऊक नव्हता, हें पुढच्या बांकावर बसणाऱ्या एका मुलीनें मला दाखवून दिलें. तिनें विचारलें, “गुरुजी, वाण म्हणजे संक्रांतीला देतात तें कां?” वर्ग हंसला. मीहि हंसलों, आणि त्या हंसण्याच्या आडोशानें प्रश्न टाळून पुढच्या म्हणीकडे वळलों.

संध्याकाळीं घरीं कोश काढून पाहिला. संक्रांतीचें वाण हें संस्कृत ‘वायन’ ह्या शब्दापासून आलेलें. ‘कशाचीहि वाण नाहीं’ असें आपण म्हणतों ती वाण निराळी. तिचा अर्थ उणीव. आणि म्हणींतला वाण तो ह्या दोहोंहून वेगळा. तो ‘वर्ण’, म्हणजे रंग. ढवळा म्हणजे धवल, पांढरा. पवळा म्हणजे पोवळ्यासारखा, तांबूस. एका दावणीला बांधल्यानें तांबडा बैल पांढरा होत नाहीं, पण शेजाऱ्याच्या खोडी मात्र उचलतो. म्हणजे ह्या चिमुकल्या म्हणींत रंगाविषयीं एक आणि जनावरांच्या वागणुकीविषयीं एक अशीं दोन विधानें आहेत, आणि दोन्ही पूर्णपणें खरीं आहेत. दुसऱ्या दिवशीं मीं वर्गांत जाऊन आपली चूक कबूल केली. तेव्हांपासून रंगांच्या नांवांचा मला जो नाद लागला तो अद्याप सुटलेला नाहीं, आणि आजचें भाषण हें त्या नादाचेंच फळ आहे.

आमच्या मराठवाड्याच्या पूर्वेस नांदेड आणि लातूर हे दोन जिल्हे आहेत. तेथें गुरांच्या रंगाला फार मान. नांदेड जिल्ह्यांतील कंधारच्या परिसरांत जी गाय होते तिचें नांवच ‘लाल कंधारी’. गायीपेक्षां वळू अधिक गडद. लातूर जिल्ह्यांतील देवणीच्या गायीबैलांत रंगावरून तीन भेद मानतात. अंग पांढरेंशुभ्र आणि तोंडाच्या बाजू काळ्या, तो वानेरा. हें नांव ऐकतांच वानराचें काळें तोंड डोळ्यांपुढें उभें राहतें. अंग पांढरें आणि पोटाखालच्या भागावर काळे ठिपके, तो बालंक्या. आणि सर्वांगावर वेडेवांकडे काळे पट्टे उठलेले, तो शेवरा. शहरांतून आलेल्या पाहुण्याला हीं तिन्ही जनावरें नुसतीं ‘पांढरींकाळीं’ दिसतात. पण मार्गशीर्षांत लोहा तालुक्यांतील माळेगांवच्या खंडोबाची यात्रा भरते, किंवा उदगीरकडे हाळी-हंडरगुळीचा बैलबाजार भरतो, तेथें जाऊन एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याजवळ बानेऱ्याला बालंक्या म्हणून पाहावें. तो आपल्याशीं सौद्याचें बोलणें तेथेंच थांबवील. (छापतांना ‘बानेऱ्या’ पडलें तरी चालेल, बोलतांना ‘वानेरा’च म्हणावें.)

येथें एक मौजेची गोष्ट सांगतों. लाल कंधारी गायीला आपला लाल रंग आपल्यासारखा दिसत नाहीं. मनुष्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात; गायबैलांच्या डोळ्यांत दोनच. त्यामुळें तांबडा आणि हिरवा ह्यांतला जो भेद आपल्याला ठळक वाटतो, तो त्यांना तसा वाटत नाहीं. मग लाल फडकें पाहून बैल उधळतो ती गोष्ट काय? ती गोष्ट आपण स्पेनमधून आणली आणि पिढ्यान् पिढ्या मुलांना सांगितली. १९२३ सालीं अमेरिकेंत स्ट्रॅटन नांवाच्या मानसशास्त्रज्ञानें गुरांपुढें निरनिराळ्या रंगांचीं फडकीं धरून पाहिलीं, आणि लाल रंगाला चिडण्याचें त्यांना कांहीं कारण नाहीं असें त्यास आढळलें. बैल बुजतो तो फडफडण्याला. पोळ्याच्या दिवशीं आपण बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावतों, अंगावर लाल झूल घालतों, तें सर्व आपल्या डोळ्यांच्या समाधानासाठीं.

रंगांच्या नांवांत अशीं अनपेक्षित नातीं पुष्कळ सांपडतात. तांबडा हा तांब्याचा मुलगा, हें कोणालाहि सुचेल. पण पिवळा आणि पितळ हीं एकाच ‘पीत’ घराण्यांतलीं, आणि हिरवा व हळद हीं सख्खीं भावंडें, हें चटकन ध्यानांत येत नाहीं. संस्कृत ‘हरित’ पासून हिरवा आणि ‘हरिद्रा’ पासून हळद. मूळ धातूच्या पोटांत हिरवें व पिवळें असा भेद नव्हताच. पिकत चाललेल्या साळीच्या शेताकडे पाहिलें म्हणजे त्या प्राचीन लोकांचें तसें फारसें चुकलें नव्हतें असें वाटतें. किरमिजी हा शब्द आपण अरबी-फारसीकडून घेतला. त्याच्या मुळाशीं ‘कृमिज’, म्हणजे किड्यापासून झालेला, हा शब्द आहे, आणि इंग्रजांचें ‘क्रिम्झन’ हें त्याचेंच भावंड. तपकिरी ही तपकिरीच्या डबींतून आली, खाकी धुळींतून, आणि पारवा तर सरळ किल्ल्याच्या तटांतून उडून आला.

ग्लॅडस्टन हे पुढें इंग्लंडचे मुख्य प्रधान झाले. त्यांनीं १८५८ सालीं होमरच्या काव्यावर एक मोठा ग्रंथ लिहिला व त्यांत अशी शंका काढली कीं, होमर आकाशाला कोठेंहि निळें म्हणत नाहीं, तेव्हां त्या काळच्या ग्रीकांची रंगदृष्टि अपुरी असावी. ही शंका टिकली नाहीं. डोळा तोच; नांव कशाला द्यावें हें ज्याच्या त्याच्या गरजेवर. शेवऱ्याला नांव देणारा आमचा गुराखी आणि साडीच्या दुकानांत आमसुली, अंजिरी व डाळिंबी ह्यांत अचूक निवड करणारी आपल्या घरांतील गृहिणी, हीं दोघेंहि ह्या बाबतींत मुख्य प्रधानांपेक्षां शहाणीं. १९६९ सालीं बर्लिन आणि के ह्या दोन अमेरिकन पंडितांनीं अनेक भाषा तपासून असें मांडलें कीं, ज्या भाषेंत रंगाचे मूळ शब्द दोनच असतात तेथें ते काळोख्या आणि उजळ रंगांचे असतात. तिसरा शब्द आला तर तो तांबड्याचा. ह्या मतावर पुढें वाद झाले. परंतु काळें आणि पांढरें हें जें आरंभीचें जोडपें, त्याच्याविषयींच मला आज मुख्यतः बोलावयाचें आहे. कारण आपल्या खेड्याचा सारा संसार ह्या दोन रंगांत वांटलेला होता.

जुन्या कागदपत्रांत गांवाचे दोन भाग सांगितलेले असतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे जेथें घरें आहेत ती जागा, आणि त्या जागेवरून तेथें राहणारे लोकहि. ‘समस्त पांढरी’ म्हटलें कीं सगळें गांव. एखाद्या रंगाच्या नांवानें माणसांच्या समुदायाला हांक मारावी, आणि तीहि कातडीच्या नव्हे तर मातीच्या रंगानें, असें दुसऱ्या कोणत्या भाषेंत आहे तें पाहावें.

काळी कां काळी, हें आपण भूगोलांत शिकलों. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं दख्खनवर लाव्हारसाचे थर पसरले, त्यांचा काळा कातळ झाला, व तो झिजून ही माती झाली. पावसाळ्यांत ती फुगते, उन्हाळ्यांत तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पण त्याच कातळावर वसलेल्या गांवाची माती पांढरी कां? ती निसर्गानें केलेली नाहीं. ती माणसांनीं केलेली आहे. चुलींतील राख, शेण, गवत, चुना, हाडें, पडलेल्या भिंतींची माती, ह्या सगळ्यांचे थर शेंकडों वर्षें एकावर एक बसत गेले, जुन्या घराच्या ढिगावर नवें घर उठलें, आणि जमीन हळूहळू उंच झाली व उजळ झाली. सभोंवतीं काळें शेत आणि मध्यें राखेच्या रंगाचा उंचवटा दिसला कीं तेथें आज एकहि घर नसलें तरी खुशाल समजावें कीं, येथें कधीं तरी चूल पेटत होती.

दख्खनमधील पुराणवस्तु-संशोधकांना ही गोष्ट चांगली ठाऊक आहे. नेवासें व इनामगांव येथें डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनीं ज्या टेकाडांत साडेतीन हजार वर्षांपूर्वींचीं खेडीं उघडीं केलीं, तीं अशींच पांढरीचीं टेकाडें. लातूरजवळचें, पण धाराशिव जिल्ह्यांतील तेर घ्या. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक नाविकाच्या पुस्तकांत ‘तगर’ म्हणून ज्या नगराचा उल्लेख येतो, जेथून माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जात असे, तें नगर हेंच. आजचें तेर त्या तगराच्या पांढरीवर बसलेलें आहे. पावसाळ्यांत ती माती वाहूं लागली कीं मणी, नाणीं, मातीचीं खेळणीं वर येत. तेरचे कै. रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनीं तीं वर्षानुवर्षें गोळा केलीं, आणि त्यांच्या संग्रहांतूनच तेथील वस्तुसंग्रहालय उभें राहिलें. तेथें हस्तिदंती स्त्रीची एक लहान मूर्ति आहे. तशाच घडणीची भारतीय हस्तिदंती मूर्ति १९३८ सालीं इटलींतील पाँपेई येथें सांपडली, आणि पाँपेई तर इसवी सन ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें होतें. एकीकडे डोंगराची राख, दुसरीकडे चुलीची; दोन्हींनीं एकाच जातीची वस्तु जपून ठेवली.

आमच्या दोन जिल्ह्यांत पाहण्यासारखें पाषाणाचें काम कमी नाहीं. कंधारचा किल्ला आहे, तेथील जगत्तुंगसमुद्र नांवाचा राष्ट्रकूटकालीन तलाव आहे, क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे विखुरलेले अवयव आहेत. औसा तालुक्यांतील खरोशाचीं लेणीं जांभ्या दगडांत खोदलेलीं आहेत. हा दगड कापतांना मऊ असतो व वारा लागल्यावर कठीण होतो, हें त्या कारागिरांना कळलें होतें. देगलूर तालुक्यांत होट्टलचें चालुक्यकालीन सिद्धेश्वर मंदिर आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, तें लट्टलूर म्हणजे लातूर. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ति ह्याच्या वाशीम येथील ताम्रपटांत नांदीकट येतें, तें नांदेड. ह्या सर्वांविषयीं आपण पुष्कळ ऐकलें आहे, सहलीहि जातात. मला एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, किल्ल्याला पहारेकरी असतो, लेण्यापुढें सरकारी फलक असतो. पांढरीला कांहीं नसतें. आणि राजे किल्ल्यांत राहिले असले तरी रयत पांढरींतच राहिली.

आतां पुन्हां गुरांकडे येतों. खेड्यांत राहिलेल्यांनीं एक दृश्य अवश्य पाहिलें असेल. गायरानांतून परत येणारी गाय एखाद्या पडक्या मातीच्या भिंतीपाशीं थांबते आणि ती भिंत चाटूं लागते. गुराखी तिला हांकतो, ती दोन पावलें जाते व पुन्हां वळते. आणि एक गाय चाटूं लागली कीं मागच्या दोन-तीन तिच्याशेजारीं उभ्या राहतात. म्हणींतला गुण लागतो तो असा. लहानपणीं आम्हांस सांगत कीं, भिंतीला लोणा लागला आहे म्हणून गाय मीठ खाते. तें खरेंच आहे. वसतीच्या मातींत क्षार असतात. बिहारकडे तर जुन्या गांवांची माती धुवून तिच्यांतून सोरा काढीत, आणि त्या सोऱ्याची दारू युरोपांतल्या तोफांत गेली. परंतु एवढ्यानेंच पुरत नाहीं. आफ्रिकेच्या दक्षिणेस १९२० च्या आगेमागें थायलर नांवाच्या पशुवैद्यानें पाहिलें कीं, तेथील गुरें मेलेल्या जनावरांचीं हाडें चघळतात व त्यांतून विषबाधा होऊन मरतात. त्यानें शोध केला तेव्हां कळलें कीं, जमिनींत स्फुरद कमी, म्हणून गवतांत कमी, म्हणून गुरांना हाडांची ओढ. हाडांचा भुगा खावयास दिल्यावर ती खोड गेली. आपल्या काळ्या जमिनींतहि पिकांना लागूं पडेल असें स्फुरद बेताचेंच असतें. पांढरींत मात्र तें भरपूर. कारण राख, शेण आणि हाडें हीं सारीं त्याचींच भांडारें.

हीच गोष्ट युरोपांत एका वेगळ्या वाटेनें ध्यानांत आली. स्वीडनमध्यें ओलॉफ अर्हेनियस नांवाचे रसायनज्ञ, नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या थोर अर्हेनियसांचे चिरंजीव, साखरेच्या बीटासाठीं शेतांतील माती तपासत होते. कांहीं ठिकाणीं स्फुरदाचें प्रमाण एकाएकीं फार वाढलेलें दिसे, आणि चौकशी करतां तेथें प्राचीन वसाहत होती असें निघे. १९३० च्या सुमारास त्यांनीं ह्यावरून जुनीं गांवें शोधण्याची एक रीतच बसविली. आज जगभर तिचा उपयोग होतो. पंडितांना जें कांचेच्या नळींत दिसलें तें आमच्या गायीला जिभेवर कळत होतें. मात्र गायीच्या जिभेनें पांढरी झिजत नाहीं. तिला झिजविणारे दुसरे आहेत, आणि त्यांत मीहि एक आहें.

ज्या गुणामुळें गाय भिंत चाटते, त्याच गुणामुळें शेतकऱ्याला पांढरी माती खत म्हणून हवी असते. ही आपल्याकडचीच रीत नव्हे. इजिप्तमध्यें जुन्या नगरांच्या अवशेषांची माती ‘सेबाख’ म्हणून शेतांत नेत. १८८७ सालीं अमर्ना येथें अशी माती उकरतांना गांवच्या एका बाईला अक्षरें कोरलेल्या मातीच्या विटा सांपडल्या असें सांगतात. त्या इजिप्तच्या राजांच्या दफ्तरांतील परराष्ट्रांचीं पत्रें होतीं. त्यांतल्या पुष्कळ फुटल्या, कांहीं हरवल्या. बर्लिन, लंडन व कैरो येथील वस्तुसंग्रहालयांत आज ज्या आहेत त्या उरलेल्या.

१९८६ सालीं मी एका लहानशा गांवीं शिक्षक होतों. शाळेपुढचें मैदान खोलगट होतें. पावसाळ्यांत तेथें तळें सांचे, आणि काळ्या चिखलांत मुलांच्या चपला रुतून बसत. मीं श्रमदानाची कल्पना काढली. गांवाच्या कडेला जुनी पांढर होती, तिच्यावर कोणाचें घर नव्हतें. गांवकऱ्यांनीं बैलगाड्या दिल्या, मुलांनीं टोपल्या उचलल्या, आणि आठ दिवसांत मैदान भरून निघालें. वरिष्ठांनीं शाबासकी दिली. मला त्या कामाचा फार दिवस अभिमान होता.

त्या मातींतून खापरें निघत होतीं. कांहींवर तांबडी झिलई होती. शंखाच्या बांगड्यांचे तुकडे निघाले, मणी निघाले, ते मुलींनीं ओवून गळ्यांत घातले. एका मुलानें मातीचा एक बैल आणून दिला. वितीहून लहान, एक शिंग मोडलेलें, पण वशिंड कसें उभार, आणि मानेखालची पोळी बोटानें दाबून काढलेली. दाबणाऱ्या बोटाचा ठसा त्यावर स्पष्ट होता. तो मीं टेबलावर कागद उडूं नयेत म्हणून ठेवला. दोन वर्षें तो तेथें होता. पुढें शाळेला चुना देण्याच्या वेळीं सामान हललें, त्यांत तो कोठें गेला कोणास ठाऊक. मला त्याची आठवणहि राहिली नाहीं.

पुढें कित्येक वर्षांनीं तेरच्या वस्तुसंग्रहालयांत कांचेमागें मातीचीं जनावरें मांडलेलीं पाहिलीं, तेव्हां मी बराच वेळ तेथें उभा राहिलों. बरोबरच्या मुलांना वाटलें, गुरुजी थकले. बैल हरवला ह्याचें दुःख तेवढें नव्हतें. एक वस्तु हरवते, दुसरी सांपडते. पण तो कोणत्या थरांत होता, त्याच्याशेजारीं कोणतें खापर होतें, खालीं चूल होती कीं धान्याचें पेंव होतें, हें सगळें आम्हीं आठ दिवसांत टोपल्यांनीं उचलून मिसळून टाकलें होतें. पुस्तकाचीं पानें फाडून गादींत भरावीं तसा तो प्रकार. आणि तें मीं मुलांच्या हातून करविलें. आतां तर बैलगाड्या गेल्या, ट्रॅक्टर आले. जें काम आम्हांला आठ दिवस पुरलें तें एका दुपारीं होतें. गढ्यांची माती वीटभट्टीला जाते, टेकाडांची शेताला जाते. नेणाऱ्याला दोष देण्याचा अधिकार मला नाहीं.

पांढरीचा आणखी एक उपयोग होता, आणि तो सांगितल्यावांचून लातूरविषयीं बोलतां येणार नाहीं. आमच्याकडचीं जुनीं घरें माळवदाचीं. भिंती काळ्या दगडाच्या, मातींत रचलेल्या, हात-दोन हात रुंद. वर लांकडी तुळया, त्यांवर फळ्या, आणि त्यांवर मातीचा जाड थर. ही माती बहुधा पांढरी असे. कारण काळीला भेगा पडतात व पाणी गळतें, पांढरी घट्ट बसते. दरवर्षीं मृगाच्या आधीं माळवदावर नवी पांढरी घालीत. जुनी कोणी काढीत नसे. वीस वर्षें, पन्नास वर्षें असें होत गेलें म्हणजे छप्पर आंतून थंड राही, आणि फार जड होई.

किल्लारीच्या परिसरांत १९९२ च्या ऑगस्टपासून लहान धक्के बसत होते. जमिनींतून आवाज येत. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटें ३ वाजून ५६ मिनिटांनीं मोठा धक्का बसला. आदल्या दिवशीं गणपतींचें विसर्जन झालें होतें, माणसें दमून झोंपलीं होतीं. भिंती बाहेर ढासळल्या आणि माळवदें खालीं आलीं. लातूर व त्या वेळचा उस्मानाबाद ह्या दोन जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसें गेलीं. त्या रात्रीं कुत्रीं रडलीं, गुरांनीं दावीं तोडलीं, असें मागाहून पुष्कळांनीं सांगितलें. सांगणारे खोटें बोलत होते असें मी म्हणणार नाहीं. तथापि जनावरांच्या वागणुकीवरून भूकंप ओळखण्याचा भरंवशाचा नियम अजून कोणाला बांधतां आलेला नाहीं; आणि कुत्रीं तर विसर्जनाच्या ढोलताशांनींहि रडतात. त्या घरांतून जें माणसांवर पडलें तें पूर्वजांच्या चुलींची राख होतें, हें मला त्या वेळीं सुचलें नव्हतें. मदतीच्या कामांत ढिगारे उपसतांना हातापायांवर जी भुरकी माती बसे ती धुतली तरी लवकर जात नसे, एवढेंच आठवतें.

त्यानंतर बावन्न गांवें संबंध उठवून नव्या जागीं वसविलीं गेलीं. नवीं घरें भूकंपास टिकतील अशीं बांधलीं, रस्ते रुंद केले. तें करणें जरूरच होतें. परंतु नवी जागा म्हणून जी घेतली ती शेताची. शतकानुशतकें जी काळी होती, तिच्यावर घरें आलीं. गांव पांढरीवरून काळीवर गेलें, असा प्रकार इतक्या मोठ्या प्रमाणावर एकाच वेळीं आपल्या इतिहासांत पूर्वीं झाला असेल असें मला वाटत नाहीं.

चार वर्षांपूर्वीं अशाच एका जुन्या गांवठाणावर मी गेलों होतों. बाभळी माजल्या आहेत; देवळाचा चौथरा आणि कांहीं भिंतींचे पाये उरले आहेत. नव्या गांवचीं गुरें तेथें चरत होतीं. एक वानेरी गाय एका भिंतीच्या बुंध्याशीं मान वांकडी करून चाटीत होती. राखणाऱ्या मुलाला मीं विचारलें, “तुमच्या गांवाची पांढरी कोणती रे?” त्याला प्रश्न कळला नाहीं. मीं समजावून सांगितलें. तो म्हणाला, “आमच्याकडे नाहीं, गुरुजी. तिकडे सगळी काळीच.” मग थोडा वेळ थांबून म्हणाला, “ही माती कोणी नेत नाहीं. आजा म्हणतो, हींत माणसं गेलीं.”

आसपासचीं टेकाडें मीं परततांना मोटारींतून पाहिलीं. दोन अर्धीं कापलेलीं होतीं. कापलेल्या बाजूवर राखेचे पट्टे आणि खापरांच्या कडा उन्हांत दिसत होत्या. त्या गांवठाणाला मात्र कोणी फावडें लावलेलें नव्हतें.